पोटमाळ्यावरचा ट्रान्सफॉर्मर

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एका रस्त्याच्या आत, जुन्या दुमजली घराच्या वरच्या खोलीत, गेल्या जूनमध्ये अठरा वर्षांचा एक मुलगा दार लावून बसला होता. ‘नीट’चा निकाल लागला होता आणि सरकारी महाविद्यालयाला लागतील एवढे गुण त्याला मिळाले नव्हते. ज्या गावात राज्यभरातून मुले डॉक्टर होण्यासाठी येऊन राहतात, त्या गावातल्याच मुलाला हे अपयश यावे, याची सल घरच्यांना अधिक होती. वडिलांची बाजारात आडत. तूर, हरभरा आणि सोयाबीन यांत तीन पिढ्या गेलेल्या. मुलाने पुन्हा एक वर्ष तयारी करायची, रिपीटरच्या वर्गाला बसायचे, हे ठरले. ठरवताना त्याला कोणी विचारले नाही आणि त्यानेही काही म्हटले नाही. न बोलणाऱ्या मुलाची आईला काळजी वाटते. वडिलांना मात्र तो समजूतदार झाला असे वाटते.

खोलीत एक गिटार होती. दहावीच्या बक्षिसाची. तिला जोडलेला लहानसा अॅम्प्लिफायर स्वस्तातला होता आणि थोडा आवाज वाढवला की फाटत असे. मुलाला हवा होता तो स्वच्छ आवाज, तार छेडली तशीच ऐकू यावी असा. तसा व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर बाजारात लाखाच्या घरात जातो, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने मागितलाच नाही.

नांदेडला या घरातले एक काकाजी राहतात. वडिलांचे काका, पण घरातला लहानथोर प्रत्येक जण त्यांना काकाजीच म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. घराण्यात ते एकटेच असे, की ज्यांनी धान्याला हात लावला नाही. वजिराबादेत त्यांचे रेडिओदुरुस्तीचे आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान होते. आधी ट्रान्झिस्टर आला, मग टीव्ही, मग मोबाईल. दुकान लहान होत होत शेवटी घराच्या पोटमाळ्यावर गेले. जुलैच्या पहिल्या रविवारी ते लातूरला आले, मुलाच्या खोलीत गेले, त्या स्वस्त पेटीतून निघणारा आवाज ऐकला आणि एवढेच म्हणाले, “याचा काटा लहान आहे.”

वडिलांना हे वाक्य चटकन कळले. पन्नास किलोच्या काट्यावर सत्तर किलोचे पोते ठेवले तर काटा शेवटच्या खुणेवर जाऊन अडतो. पुढचे वीस किलो तो दाखवतच नाही. अॅम्प्लिफायरचे तसेच असते. तार जोराने छेडली की तिच्या लहरीचे शिखर उंच जाते. यंत्राची ताकद तिथवर पोहोचत नसेल तर ते शिखर सपाट कापले जाते, आणि कापलेली लहर कानाला खरखरीत लागते. पाश्चात्त्य रॉक संगीतात ही खरखर मुद्दाम केली जाते, तो वेगळा रस आहे. ज्याला निर्मळ सूर हवा, त्याने मोठा काटा घ्यावा आणि त्यावर कमी वजन करावे. “माझ्या पोटमाळ्यावर तीस वॅटचा जुना पडला आहे,” काकाजी म्हणाले. “त्याला नेऊन काय करायचे ते करू.”

वडिलांनी परवानगी दिली ती अटीवर. आठवड्याचे सहा दिवस अभ्यास, रविवार काकाजींचा. खर्चाचा प्रत्येक रुपया वहीत लिहायचा. आणि परीक्षेच्या आधी चार महिने हे सगळे बंद. मुलगा हो म्हणाला. सबंध महिन्यात त्याने उच्चारलेला तो सर्वांत स्पष्ट शब्द असावा.

लातूरहून नांदेडला जाणारी एसटी चाकूर, अहमदपूर, लोहा असे थांबे घेत जाते. पावसाळ्यात त्या वाटेवर दोन्ही बाजूंना सोयाबीन पसरलेले असते. पहिल्या रविवारी पोटमाळ्यावरून ती पेटी खाली उतरवायला दोन माणसे लागली. पत्र्याचा सांगाडा गंजलेला, तारांवरचे आवरण बोटाने चुरगळावे असे, आणि आत दोन मोठे ट्रान्सफॉर्मर. काकाजींनी ओल्या फडक्याने ते दोन तेवढे पुसले आणि बाकी सगळे बाजूला सारले. मुलगा हिरमुसला. काकाजींनी त्याला समजावले, की कॅपॅसिटरच्या पोटातला द्रव वर्षानुवर्षे पडून आटतो, रेझिस्टरचे मूल्य सरकते; पण लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेली तांब्याची तार ओल लागली नसेल तर टिकते. अॅम्प्लिफायरमधली खरी किंमत लोखंडाची आणि तांब्याची असते. मल्टीमीटर लावून त्यांनी एकेक गुंडाळी तपासली. एकही तुटलेली नव्हती.

मराठवाड्यात शेतीपंपांच्या मोटारी जळतात आणि त्या भरून देणारी दुकाने गावोगाव आहेत. मुख्य ट्रान्सफॉर्मर जळाला असता तरी अशा कारागिराने तो भरून दिला असता. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे तसे नाही. व्हॉल्व्ह चालतो तो उंच दाबावर आणि थोड्या प्रवाहावर. स्पीकरला हवा असतो कमी दाब आणि जास्त प्रवाह. दोघांमध्ये दुभाषा म्हणून हा ट्रान्सफॉर्मर बसतो. त्याच्या दोन्ही गुंडाळ्या एकमेकींत थराथरांनी विणाव्या लागतात. नाही तर वरचे सूर वाटेतच हरवतात. हे काम पंपाची मोटार भरण्याहून निराळे. त्यामुळे पोटमाळ्यावरचा तो काळा ठोकळाच या सगळ्या उद्योगाचे भांडवल होते.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची कुपी. आत एक तंतू तापतो, तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पट्टीकडे धावतात. मध्ये एक जाळी. जाळीवरचा दाब किंचित बदलला की वाहणारा लोंढा पुष्कळ बदलतो. धरणाच्या दारावर बोट ठेवून पाणी सोडावे तसे. अमेरिकेतल्या ली द फॉरेस्टने १९०६ साली ही जाळी बसवली आणि दूरचा आवाज मोठा करणे शक्य झाले. गांधीजी आणि नेहरूंच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ ही पाटी दिसते. नाव परदेशी असले तरी ती पेढी मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची. त्या काळी सभा लाखाची असो की लग्नाची वरात, मागे कुठेतरी या कुप्या लालसर उजळलेल्या असत. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही १९५४ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी पुढे असे व्हॉल्व्ह बनवू लागली. काकाजींच्या एका बिस्किटाच्या डब्यात, कापसात गुंडाळून, त्या कंपनीचे पाच व्हॉल्व्ह होते: दोन ईएल ३४, दोन ईसीसी ८३ आणि एक ईसीसी ८१. दुकान बंद करताना त्यांनी पुष्कळ काही मोडीत दिले. हा डबा दिला नाही. का, असे मुलाने विचारले तेव्हा ते म्हणाले, “विसरलो असेन.”

गिटारसाठीचे असे यंत्र ज्याने जगभर नेले तो लिओ फेंडरही मूळचा रेडिओदुरुस्तीवालाच. १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन या गावी त्याने दुकान काढले होते. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वाजवणारे येऊन तक्रार करीत आणि तो ऐकून घेऊन सुधारणा करी. १९६०च्या दशकातल्या त्याच्या मोठ्या अॅम्प्लिफायरांचा स्वच्छ आवाज आजही मापदंड मानला जातो. आपल्याकडे जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर रागसंगीत वाजवले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर त्यांची गिटार आहे. मुलाला फेंडर माहीत होता, काबरा नव्हते. काकाजींचे नेमके उलट. काही रविवार दोघांनी एकमेकांना ऐकवण्यात घालवले. ते रविवार वाया गेले असे म्हणता येणार नाही, मात्र एसटीचे भाडे वहीत लागले.

आराखडा जमत गेला तो प्रत्येक ठिकाणी ‘कमी’कडे झुकत. पहिल्या टप्प्याला ईसीसी ८३ लावला तर तो मुळात शंभरपट वाढवण्याच्या जातीचा. त्याऐवजी त्याच खाचेत बसणारा ईसीसी ८१ लावला, जो साठाच्या घरातला आहे. सूर आधीच फुगवून पुढे ढकलला नाही, तर पुढचा टप्पा गुदमरत नाही. डीसी वीज करणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हऐवजी चार डायोड घेतले, म्हणजे जोराचा ठोका आल्यावर दाब खचत नाही. शेवटच्या आवाजातला थोडा अंश उलटा करून मागे आणला, म्हणजे यंत्र स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करते. स्पीकरच्या बाबतीत मात्र वडिलांनी अनपेक्षितपणे लक्ष घातले. तीन डेसिबलने अधिक संवेदनशील असा स्पीकर घेतला तर तीस वॅटचे काम साठ वॅटचे वाटते, हे त्यांनी जेवताना ऐकले आणि ताट बाजूला सारून विचारले, “म्हणजे माल तोच आणि उतारा दुप्पट?” बारा इंची स्पीकर त्यांनी स्वतः भाव करून मागवला.

पेटीच्या लाकडावरून घरात वेगळीच चर्चा झाली. सागवान जड, म्हणून यंत्रसामग्रीच्या खोक्यांतून आलेले देवदाराचे फळे निवडले. ओळखीचा सुतार वृद्ध आणि जुन्या वळणाचा. सांधे सरसाने पक्के करू आणि वर लाखेचे पॉलिश देऊ, असे तो म्हणाला. आजी दारात बसून ऐकत होत्या. सरस जनावरांच्या चामड्या-हाडांचा आणि लाख किड्यांची, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्या रागावल्या नाहीत. “आपल्या घरात सूर यायचा तर तसा नको,” एवढेच म्हणाल्या. सुताराने फेव्हिकॉल वापरला आणि लाखेऐवजी दुकानातलेच जवसाचे तेल तीन हात चोळले. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर ती आपोआप तापून पेटू शकतात, हे सांगायला काकाजी विसरले नाहीत. ज्या घराच्या खाली गोदाम आहे तिथे हे सांगणे अगत्याचेच होते. आजींचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. चातुर्मासात दिव्याभोवती किडे येतात. हा काचेचा निखारा रात्री उघडा राहणार का? ईएल ३४ इतका तापतो की हात लावणारा पोळतो. झाकावे तर हवा हवी. शेवटी मागच्या बाजूला बारीक भोकांची जाळी बसवली. कोणत्याही परदेशी आराखड्यात ती जाळी एवढी बारीक नसते.

ऑगस्टमध्ये सांगाडा लातूरला आला, कारण स्पीकर आणि पेटी तिथे होती. एका बुधवारी रात्री घरचे झोपल्यावर मुलाने पुस्तक मिटले आणि पेचकस हातात घेतला. यंत्र बंद होते. प्लगही काढलेला होता. त्याच्या समजुतीने हे पुरेसे होते. परंतु कॅपॅसिटरमध्ये चारशे व्होल्टच्या आसपासची वीज साठलेली होती. ती कोणी रिकामी केली नव्हती.

आवाज ऐकून वडील वर आले तेव्हा तो भिंतीशी बसलेला होता. डावा हात उजव्या हाताने धरलेला. तर्जनीवर पांढरा डाग. त्याला बोलता येत होते. रात्री दीड वाजता दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला. तो व्यवस्थित होता. डॉक्टर म्हणाले, की दुसरा हात पत्र्याला टेकलेला असता तर वीज छातीतून गेली असती. वडील रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी सांगाडा पोत्यात गुंडाळला आणि गोदामात, तुरीच्या थप्पीमागे ठेवून दिला. सकाळी काकाजींना फोन करून सांगितले, “आता हे बंद.” पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मग काकाजी म्हणाले, “चूक त्याची नाही. कॅपॅसिटरला ब्लीडर रेझिस्टर मी पहिल्या दिवशी लावून द्यायला हवा होता. दीड मिनिटात वीज उतरली असती. पुढच्या रविवारी लावू म्हणून ठेवला.” आणि फोन ठेवला.

पर्युषण आले. घरात त्या विषयावर बोलणे नव्हते. मुलगा वर्गाला जाई, सराव परीक्षा देई. गुण आधीसारखेच, ना वर ना खाली. दार पुन्हा लागू लागले. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी क्षमायाचनेसाठी वडील दरवर्षीप्रमाणे नांदेडला गेले. काकाजींनी हात जोडले आणि नेहमीचे शब्द म्हणताना त्यांचा गळा दाटला. वडील वाकले होते ते तसेच थांबले. ज्या माणसाच्या दुकानात आपण पंधराव्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कर्णे बांधायला जात होतो, आणि मग गादीवर बसवल्यावर पुन्हा कधी गेलो नाही, तो माणूस महिनाभर त्या एका रेझिस्टरचा विचार करीत होता, हे त्यांना दिसले. परतताना त्यांनी काकाजींना गाडीत घेतले.

त्या रविवारी गोदामातून पोते बाहेर आले. काकाजींनी पहिल्यांदा ब्लीडर रेझिस्टर जोडला, मग मुलाकडून तीन नियम म्हणवून घेतले. हात घालण्यापूर्वी मीटर लावून शून्य पाहायचे. एक हात खिशात. घरात दुसरे कोणी जागे असल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. तिसऱ्या नियमापुढे वडिलांनी स्वतःचे नाव घातले. तेव्हापासून रविवारी आडतीवरून आल्यावर ते खोलीत खुर्ची टाकून बसत आणि बॅटरी धरत. बॅटरी धरण्याला तिघेही काम म्हणत.

सर्वांत रम्य संध्याकाळ ट्रान्सफॉर्मरची जागा ठरवण्याची. जुन्या पेटीतले दोन्ही ठोकळे शेजारी शेजारी ठेवले की पहिल्यातले चुंबकीय क्षेत्र दुसऱ्यात शिरते आणि यंत्र कायम गुणगुणत राहते. काकाजींनी फक्त मुख्य ट्रान्सफॉर्मरला वीज दिली, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या तारांना हेडफोन जोडला आणि तो मुलाच्या कानाला लावून ठोकळा हळूहळू फिरवू लागले. मुलगा बोट वर-खाली करून सांगे. एका कोनाला त्याचे बोट थांबले. गुणगुण मावळली होती. दोन्ही ठोकळे एकमेकांशी काटकोनात आले होते. मग वडिलांनी हेडफोन मागितला, त्यांनीही ऐकले, आणि पेन्सिलने पत्र्यावर खूण त्यांनीच केली.

पहिल्यांदा वीज दिली ती सिरीज बोर्डावरून. प्लगच्या वाटेत साठ वॅटचा दिवा. आत कुठे तार चुकून जोडली गेली असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. दिवा क्षणभर उजळला आणि मंदावला. व्हॉल्व्ह सावकाश नारिंगी झाले. स्पीकर जोडलेला असल्याची काकाजींनी दोनदा खात्री केली होती, कारण स्पीकरविना चालवले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच उसळत्या दाबाने जळू शकतो, आणि तो दुसरा मिळणार नव्हता. यंत्र जिवंत होते. पण घुमत होते. मुलाचा चेहरा उतरला. काकाजींनी डोळे मिटून ऐकले आणि विचारले, “खर्ज आहे की वरच्या सप्तकातला?” आपली घरची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. गुणगुण पन्नासाची असेल तर तंतूंच्या तारा किंवा बाहेरचा शिरकाव. शंभराची असेल, म्हणजे तोच सूर एका सप्तकाने वर, तर गाळणीत किंवा अर्थिंगमध्ये दोष. मुलाने गिटारची जाड तार छेडून ताडून पाहिले. शंभराची होती. पहिल्या कॅपॅसिटरची अर्थिंगची तार इनपुटपाशी जोडली गेली होती. मोठ्या प्रवाहाची वाट नाजूक सुराच्या दारातून गेली होती. मीटरवर शून्य पाहून ती तार उचलली, दुसऱ्या टोकाला नेऊन झाळली, पुन्हा वीज दिली.

काही ऐकू आले नाही. वडिलांना वाटले, बिघडले. मुलाने तार छेडली.

त्या आवाजाचे वर्णन घरातल्या प्रत्येकाने वेगळे केले. आई म्हणाली, खोली मोठी झाल्यासारखी वाटली. आजी खालून म्हणाल्या, “तंबोरा कोणी आणला?” काकाजींनी काही म्हटले नाही, ते जाळीतून आत, आपल्या डब्यातल्या कुप्यांकडे पाहत होते. मुलाने सूर वाढवला, आणखी वाढवला. खिडकीचे तावदान थरथरले तरी तार तारेसारखीच राहिली. वडिलांनी हात करून खाली आण म्हणून खुणावले, आणि तो हात बराच वेळ तसाच हवेत राहिला.

ठरल्याप्रमाणे आता गिटार बंद आहे. पेटीवर आजींनी शिवलेली खोळ आहे. मुलगा अभ्यास करतो. गुण किती येतील, वैद्यकीय मिळेल की त्याने परवा प्रथमच मोठ्याने उच्चारलेली इलेक्ट्रॉनिक्सची वाट धरावी लागेल, हे घरात अजून ठरलेले नाही. त्यावर वाद होतात. दार उघडे ठेवून होतात, हा फरक.

दिवाळीला वही बदलायची म्हणून वडिलांनी या कामाचे पान मिटवायला घेतले. स्पीकर, कॅपॅसिटर, पत्रा, सुताराची मजुरी, जवसाचे तेल, एसटीचे भाडे, दवाखाना, बेरीज झाली. राहिली एकच ओळ: ‘काकाजी, ट्रान्सफॉर्मर दोन व व्हॉल्व्ह पाच’. भाव विचारायला फोन केला तर काकाजी हसले आणि विषय तुरीवर नेला. रक्कम भरल्याशिवाय ओळ मिटत नाही, आणि न मिटलेली ओळ ठेवायची वडिलांना सवय नाही. पूजनाच्या संध्याकाळी त्यांनी ती तशीच नव्या वहीत ओढून घेतली. तिच्यापुढची जागा कोरी आहे.